मित्रांच्या पुस्तककट्ट्यासाठी पुस्तकं सुचवा (पानं कमी, बोलायला भरपूर)

पारिजातक

नमस्कार मंडळी. पुस्तकं सुचवायची आहेत, पण नुसती नावं नकोत, म्हणून आधी आमची परिस्थिती सांगते.

आम्ही आठ जण. पुण्यात शिकताना एका मेसमुळे जुळलेली दोस्ती, आता सगळे चाळिशीला टेकलेले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कुणा एकाच्या घरी जमायचं, एकच पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं, असं ठरलं. पहिल्याच महिन्यात मी उत्साहाच्या भरात ‘तुंबाडचे खोत’ सुचवलं. श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी म्हणजे माझा जीव की प्राण. पण ती आहे दोन खंडांची. नोकऱ्या आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून जगबुडीकाठच्या त्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या आमच्यातल्या तिघांनीच पार केल्या. बाकीचे पाच जण आले आणि आम्हा तिघांचं बोलणं ऐकत बसले. त्यातल्या दोघांनी पहिला खंड अर्ध्यापर्यंत मनापासून वाचला होता, तरी त्यांचे चेहरे गृहपाठ न केलेल्या मुलांसारखे झाले होते. मला फार लागलं ते.

दुसऱ्या महिन्यात म्हटलं, ज्याने त्याने हवं ते वाचावं आणि दहा मिनिटं सांगावं. सगळे छान बोलले, पण कुणी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. विचारणार तरी काय, दुसऱ्याचं पुस्तक वाचलेलंच नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एकेकाला काम निघालं आणि कट्टा झालाच नाही.

मला हा कट्टा मोडू द्यायचा नाहीये. आमच्या गरजा अशा: पुस्तक दीडशे-दोनशे पानांच्या आसपास असावं, आज विकत किंवा ग्रंथालयात मिळावं. आमच्यातला एक मित्र इंदूरला वाढला, एक मैत्रीण इंग्रजी माध्यमातली. दोघांना मराठी उत्तम समजतं, पण वाचनाचा वेग कमी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पुस्तक वाचून आठ जणांचं एकमत होता कामा नये. कुणी आपापल्या कट्ट्यावर एखादं पुस्तक वाचलं असेल, तर तिथे नेमकं काय बोलणं झालं तेही लिहा.

गोदाकाठ

धागा आवडला. आम्ही नाशिकला सहा मित्र गेली काही वर्षं असं जमतो, तेव्हा अनुभवाचं सांगतो.

तुमच्या अटींत चपखल बसणारं पहिलं पुस्तक म्हणजे विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. १९३९ साली आलेलं. म्हणजे ज्या वर्षी युद्ध पेटलं त्याच वर्षी, पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसताना लिहिलेलं. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि घरी परतणारा चक्रधर. आकाराने एवढीशी कादंबरी आहे, दोन-तीन रात्रींत होते.

आमच्याकडे वाद झाला तो चक्रधरावरून. आमच्यातला एक म्हणाला, हा माणूस पळपुटा आहे, त्याने एकदा जे केलं तेच तो पुन्हा करतो. दुसरा म्हणाला, तो निदान स्वतःशी खोटं बोलत नाही. मग तिसऱ्याने पुस्तक उघडून पान काढलं आणि वाचून दाखवलं, की नाही, खोटं बोलतो, हे बघा इथे. ते पान तिघांनीही वाचलेलं होतं. तिघांना तीन गोष्टी दिसल्या होत्या.

तेव्हापासून पुस्तक निवडताना आम्ही एवढंच विचारतो: ह्यातल्या माणसाने केलं ते बरोबर की चूक, ह्यावर दोन भल्या माणसांचं दुमत होऊ शकतं का? होत असेल तर ते पुस्तक कट्ट्याचं. नुसतं ‘सुंदर आहे’ म्हणता येईल असं पुस्तक आपण एकट्याने वाचावं, त्याचा आनंद वेगळा.

चिंचबन

रणांगणला +१.

माझ्याकडून ‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकर. १९५५ची आहे. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर, गावाने मिळून बांधलेली तालीम, आणि मग पडलेला दुष्काळ. छोटी वाक्यं, छोटी प्रकरणं. तुमच्या इंदूरच्या मित्राला अजिबात जड जाणार नाही.

चर्चेला प्रश्न: मास्तर त्या वाडीचा झाला का कधी? आमच्या घरात माझं आणि सासऱ्यांचं ह्यावर अजून जुळलेलं नाही. ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते म्हणतात, बाहेरून आलेला मास्तर कधीच गावचा होत नाही, गाव त्याला फक्त जपतं.

वऱ्हाडवाट

बनगरवाडी सगळेच सांगतात, आमच्या वऱ्हाडाचं नाव कोणी घेत नाही म्हणून लिहितो. उद्धव शेळक्यांची ‘धग’, १९६०. कौतिक नावाची बाई आपलं घर कसं तगवून धरते त्याची ही कादंबरी आहे. नवऱ्याच्या हातून काही धड होत नाही, पोरं वाढतायत, आणि ही एकटी सगळं ओढतेय.

पानं तुमच्या मर्यादेपेक्षा जास्त होतील, तेवढी सूट द्या. पण एक गोष्ट करा. संवाद मोठ्याने वाचा. पुण्याच्या माणसाला ‘काऊन’ आणि ‘नाई’ डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं, कानांनी ऐकलं की लगेच लागतं. माझी बायको कोल्हापूरची. तिने पहिली वीस पानं वाचून पुस्तक मिटवलं होतं. मग मी तिला रोज रात्री थोडं वाचून दाखवलं. कौतिकच्या तोंडची भाषा माझ्या आजीची होती, त्यामुळे मलाच मध्येमध्ये थांबावं लागायचं. शेवटची पानं मात्र तिने हातातून ओढून घेऊन स्वतः वाचली.

पारिजातक

@वऱ्हाडवाट, हे मोठ्याने वाचण्याचं आम्हाला सुचलंच नव्हतं! कट्ट्यावर जमून वाचलं तर वाचून न आलेल्याची पंचाईतही होणार नाही.

@गोदाकाठ, तुमचा निकष वहीत लिहून ठेवला. तुमच्या कट्ट्याचे बाकी काही नियम आहेत का?

गोदाकाठ

नियम म्हणावेत असे नाहीत, सवयी आहेत. पुस्तक सहा आठवडे आधी ठरतं, चार नाही. येणाऱ्याने निदान एक पान खूण घालून आणायचं, आवडलेलं किंवा खटकलेलं, आणि ते वाचूनच बोलायला सुरुवात करायची. त्यामुळे कुणी ‘एकूण छान होतं’ म्हणून सुटू शकत नाही. ज्याचं वाचून झालं नाही त्यानेही यायचं, पण त्याच्यासाठी शेवट झाकून ठेवला जाणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही शेवट झाकायचो, तर अर्धी चर्चा गुळमुळीत व्हायची.

आणि चहा मधल्या सुट्टीतच. बशी समोर आली की विषय नोकरीवर जातो.

कवडसा

मी लंडनहून लिहितेय. आमच्या इथे मराठी पुस्तक आठ जणांना एकाच वेळी मिळणं हाच मोठा अडथळा होता, म्हणून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात केली. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यामुळे पुस्तकावर आता स्वामित्वहक्क नाही. शिवाय शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आहे. इथे वाढलेली मुलं आणि दोन परप्रांतीय जावई तो हातात धरून बसले आणि आम्ही मूळ वाचलं.

पुस्तक मोठं आहे, पण ते तुकड्यांनी वाचता येतं, हे त्याचं वैशिष्ट्य. आम्ही चार बैठकांत वाटून घेतलं. पहिल्या बैठकीत माहेर आणि वडिलांचं ते घरादाराला छळणारं सोवळं. मग लग्न आणि नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, लहरी, भाबडा, तापट स्वभाव. तिसऱ्यात १८९५, टिळक ख्रिस्ती झाले ते वर्ष, आणि त्यानंतरचा वियोग. चौथ्यात पुन्हा एकत्र येणं आणि लक्ष्मीबाईंचं स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळेला ख्रिस्ती होणं.

आमच्यातले पुरुष म्हणायचे, टिळक मोठा माणूस. बायका म्हणायच्या, मोठा असेल, पण त्याच्या मोठेपणाचा खर्च कुणी केला? माझी सोळा वर्षांची लेक म्हणाली, तुम्ही दोघंही तिच्याबद्दल बोलतच नाही आहात, तुम्ही त्याच्याबद्दल बोलताय. बरोबर होतं तिचं. त्या दिवसापासून तिला आम्ही कट्ट्यात घेतलं. एवढ्या हालांमधून गेलेली बाई एकदाही स्वतःची कीव करत नाही, उलट वाचणाऱ्याला हसवते, हे कसं जमलं असेल, ह्यावर आम्ही पुढच्या वेळी बोललो.

पानकणीस

सगळी जुनी आणि दुःखाची पुस्तकं चालली आहेत, म्हणून एक वेगळं. प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’, १९८१. पेंढारकर हे भालजींचे चिरंजीव, स्वतः माहितीपट करणारे. हिमालयात सैन्यासाठी रस्ता बांधणारे लोक, त्यांच्यात मुंबईहून आलेला विश्वनाथ हा स्थापत्य अभियंता. वरिष्ठांचा हुकूम एक सांगतो, त्याची विद्या आणि मन दुसरं सांगतं.

मी सरकारी बांधकामावर नोकरी करतो. आमच्या कट्ट्यावर माझ्यासारखे दोन आणि बाकी बँकेतले, शाळेतले. मला वाटलं होतं, सगळे विश्वनाथच्या बाजूने उभे राहतील. पण आमच्यातल्या एका निवृत्त सुभेदार काकांनी मेजरची बाजू इतक्या शांतपणे मांडली की मी घरी जाऊन पुस्तक पुन्हा वाचलं. ते म्हणाले, वर तीस माणसं असतात तेव्हा प्रत्येकाने आपल्या मनाचं ऐकलं तर त्यातला एकही खाली येत नाही. मी अजूनही विश्वनाथच्याच बाजूचा आहे. पण आता का आहे ते मला नीट सांगता येतं.

तांबडफुटी

‘शाळा’ कुणीच कसं नाही म्हणालं? मिलिंद बोकील, नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ. वाचायला सगळ्यात सोपं.

चिंचबन

@तांबडफुटी, शाळा मलाही प्रिय आहे. फक्त आमच्याकडे असं झालं की पंधरा मिनिटांनंतर प्रत्येक जण आपापल्या शाळेच्या गोष्टी सांगायला लागला आणि मुकुंद राहिला बाजूला. संध्याकाळ सुरेख गेली, पुस्तकावर बोलणं झालं नाही. त्याऐवजी आणीबाणीबद्दल मुकुंदला किती कळतं आणि आपल्याला वाचताना किती कळतं, एवढाच धागा धरला असता तर बरं झालं असतं.

तांबडफुटी

हे पटलं. नरूमामाची पानं तशी धरून वाचता येतील.

सांजदिवा

एक सावधगिरीची सूचना. आम्ही सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ घेतलं होतं. १९९० साली आलेलं हे पुस्तक मराठीतल्या धीट आत्मकथनांपैकी एक आहे असं मी मानते. पण कट्ट्यावर दोन तास पु. लं.चं नवरा म्हणून मूल्यमापन झालं. सुनीताबाईंनी लिहिलंय कसं, स्वतःला किती कठोरपणे तपासलंय, आठवणी क्रमाने न सांगता मनात आल्या तशा का सांगितल्या आहेत, हे सगळं राहून गेलं. घरी येताना मला त्या बाईवर अन्याय केल्यासारखं वाटलं. ज्या माणसांवर आपलं आधीपासून प्रेम आहे त्यांच्यावरचं पुस्तक पहिल्या वर्षात घेऊ नका. कट्टा मुरला की घ्या.

त्याऐवजी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ घ्या. छोटं आहे, १९७०चं. त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला. एका शनिवारी पुस्तक, पुढच्या शनिवारी सिनेमा. सिनेमाने काय गाळलं, काय घातलं, कुणाच्या नजरेने सांगितलं, ह्यावर न वाचलेलाही बोलू शकतो. असाच दुसरा जोड म्हणजे श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा आणि ‘अर्धसत्य’. कथा एका बैठकीत वाचून होते.

मांडवीतीर

आम्ही पणजीत पावसाळ्यात कवितांचा कट्टा करतो. प्रत्येकाने एकच कविता आणायची, दोनदा वाचायची, मग बाकीच्यांनी बोलायचं. बोरकरांची मराठी कविता एकाने आणली की दुसरा त्यांची कोंकणी आणतो. बहिणाबाईंची गाणी तर तुमच्या सगळ्यांच्या कानांवर शाळेपासून असतील. ज्या महिन्यात कुणालाच वेळ नाही त्या महिन्यासाठी हे ठेवा, कट्टा चुकवू नका. एकदा चुकला की पुढच्या वेळी जमणं दुप्पट अवघड होतं.

पारिजातक

किती मनापासून लिहिताय सगळे. एक प्रश्न आहे, आणि तो विचारताना जपून विचारतेय. आम्ही आठही जण साधारण एकाच तऱ्हेच्या घरांतून आलोय. दलित आत्मकथनांपैकी काही घ्यावं असं मला फार वाटतं, पण एक मित्र म्हणाला, आपण सोफ्यावर बसून त्यावर चर्चा करणं बरं दिसेल का? मला त्याचं म्हणणं पूर्ण पटत नाही आणि पूर्ण झटकताही येत नाही.

जांभूळवाट

ह्याला मी उत्तर देतो, कारण मी दुसऱ्या बाजूच्या घरातून आलोय.

तुमच्या मित्राची शंका चांगल्या मनातून आली आहे, पण तिचा परिणाम असा होईल की तुम्ही वाचणार नाही. न वाचण्याने कुणाचंही भलं झालेलं नाही. ही पुस्तकं आमच्यातच फिरावीत म्हणून लिहिलेली नव्हती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने काढलं, ती वाचकांचीच चळवळ होती. महाराष्ट्रभरच्या मध्यमवर्गाने ते वाचावं, अस्वस्थ व्हावं, हाच हेतू होता.

‘बलुतं’ कट्ट्यासाठी का घ्यावं ते सांगतो. त्यात शिकलेला, नोकरी करणारा दया पवार आणि त्याच्या आत बसलेला दगडू समोरासमोर येतात. दगडू बोलतो, दया पवार ऐकतो. हे असं का लिहिलं असेल? माझ्या वडिलांनी आयुष्यभर कचेरीत एक भाषा वापरली आणि घरी दुसरी. मी ‘बलुतं’ वाचलं तेव्हा मला वडील कळले. तुमच्यापैकी कुणी गावाकडून शहरात आलं असेल, तर त्याच्या आतही कुणीतरी गप्प बसवलेला असेलच. त्या जागी तुम्ही पुस्तकाला भेटू शकता. मात्र ‘आमचंही तसंच होतं’ असं म्हणू नका. तसंच नव्हतं. जे वेगळं होतं त्यावर बोला.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणखी आटोपशीर आहे. फलटणच्या ह्या बाई दुकान चालवता चालवता लिहीत आणि लिहिलेलं घरात लपवून ठेवत. त्यात त्या ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त म्हणतात, आणि आपल्याच समाजातल्या पुरुषांनी बायकांशी कसं वागलं तेही सोडत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ आणि हे लागोपाठ घेतलंत, तर सोवळं म्हणजे काय ते दोन्ही अंगांनी दिसेल. सोवळ्यातल्या बाईलाही ते छळतं आणि वेशीबाहेरच्या बाईलाही. छळण्याची जात मात्र एक नाही.

चर्चेच्या सुरुवातीला एवढंच करा. आपल्या आजीच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा होता का, कुठे ठेवलेला असायचा, हे प्रत्येकाने खरं खरं सांगा. मग पुस्तक उघडा.

कवडसा

@जांभूळवाट, हे वाचून मी बराच वेळ माझ्या आजीचं स्वयंपाकघर आठवत होते. कप होता. मोरीच्या कोनाड्यात. आमची पुढची बैठक ‘जिणं आमुचं’वर करते.

पिंपळपार

धागा मोठा होतोय, तरी माझी भर घालतो. मी गेली काही वर्षं नाटकं वाचण्याचा कट्टा चालवतो आणि पारिजातक ह्यांचा सगळा पेच त्याने सुटेल असं मला वाटतं.

नाटक घरून वाचून यायचंच नसतं. जमायचं, भूमिका वाटायच्या आणि बसल्या जागी वाचायचं. दीड-दोन तासांत सगळ्यांनी एकच कलाकृती, एकाच वेळी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असते. मागे राहिलेला कुणी उरत नाही.

तुम्ही आठ जण आहात म्हणालात ना? तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. बेणारे, काशीकर, सौ. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे आणि सामंत. मोजा, बरोब्बर आठ. १९६७ साली हे रंगभूमीवर आलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक आणि सुलभा देशपांडे बेणारे. हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला आलेली असतात, वेळ जावा म्हणून खोटाखोटा खटला खेळायचं ठरतं, आणि आरोपी म्हणून लीला बेणारेला उभं करतात. पुढचं सांगत नाही.

तीन सूचना. भूमिका चिठ्ठ्यांनी वाटा, स्वभावावरून वाटू नका. रंगसूचना वाचणारा वेगळा माणूस नसेल तर ज्याचं वाक्य नाही त्याने त्या वाचाव्या, नाटकात कंसातल्या शब्दांना फार वजन आहे. आणि अभिनय करायचा नाही, फक्त स्वच्छ वाचायचं. अभिनय सुरू झाला की लोक लाजतात किंवा एकमेकांना हसवायला लागतात, आणि ह्या नाटकात हसणं कुठे थांबतं तेच तर बघायचं आहे.

ह्याच्यानंतर एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. वऱ्हाडवाट ह्यांना आवडेल, घर त्यांच्याच बाजूचं आहे.

वऱ्हाडवाट

लय भारी सुचवलं दादा. ‘वाडा’तल्या दादीला कोणी विसरू नका, ती काय बोलते ते मोजकंच असते.

पानगळ

कुणी ‘कोसला’ म्हणालं नाही म्हणून राहवत नाही. तुम्ही पुण्यात मेसमध्ये भेटलात म्हणता, आणि पांडुरंग सांगवीकर पुण्यात वसतिगृहावर राहतो, मेसच्या भानगडीत पडतो. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची, तेव्हा ते पंचविशीत होते. विशीत वाचणाऱ्याला पांडुरंग आपला दोस्त वाटतो. चाळिशीत पुन्हा वाचा, मग त्याचे वडील दिसायला लागतात. मी चाळिशीत वाचली तेव्हा पैसे पाठवणाऱ्या बापाच्या बाजूने वाचत होतो, आणि ते माझं मलाच कळायला शंभर पानं गेली.

लांब आहे, म्हणून दोन महिन्यांत विभागा. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं कट्ट्यावर मोठ्याने वाचू नका असं मी सांगेन. ती घरीच वाचून या.

सांजदिवा

@पारिजातक, प्रतींचं काय करणार? आठही जणांनी विकत घ्यायला हवीच असं नाही. पुण्यात नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय आहे. वेगवेगळ्या ग्रंथालयांचे सभासद असाल तर तीन-चार प्रती सहज निघतील. अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रतीही बघा. तुमच्या हळू वाचणाऱ्या मैत्रिणीसाठी श्राव्य पुस्तक मिळतंय का तेही पाहा. ऐकत ऐकत छापील पानावरून नजर फिरवली की वेग वाढतो, माझ्या भाचीचा वाढला.

पारिजातक

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलेय. कट्टा झाला!

‘शांतता!’ वाचलं. आठही जण आले. पिंपळपार ह्यांनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. बेणारे आली एका मित्राच्या वाट्याला. तो आधी म्हणाला बदलून घेऊ या, मग म्हणाला नको, राहू दे. इंदूरच्या मित्राला सामंत आला. सामंत साक्ष देताना हातातल्या कादंबरीतलं वाचून सांगतो, ती वाक्यं ह्याने अडखळत, अक्षर अक्षर लावत वाचली. आणि ती तशीच वाचायला हवी होती असं सगळ्यांना वाटलं. घरी गेल्यावर त्याने मला विचारलं, पुढचं पुस्तक कुठलं, मी आजच सुरू करतो.

सौ. काशीकर वाचणाऱ्या मैत्रिणीने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. तिचं म्हणणं, नवरा हिला जिथे जिथे गप्प करतो त्याच्या पुढेच कुठेतरी ही बेणारेवर तुटून पडते. आम्ही पानं मागेपुढे करून बघितलं. काही ठिकाणी तसं होतं, काही ठिकाणी नव्हतं, आणि त्यावरून खरी चर्चा पेटली.

मग मी गोदाकाठ ह्यांची पद्धत वापरून विचारलं, हा खेळ खेळ राहत नाही तो क्षण कुठला, प्रत्येकाने पान काढा. पाच वेगवेगळी पानं निघाली. एक जण म्हणाला, बेणारे आत जाते आणि बाकीचे तिच्या पाठीमागे ठरवतात तेव्हाच. दुसरी म्हणाली, त्याही आधी, ती सामंताशी एकटी बोलते तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं. बेणारे वाचणारा मित्र शेवटी बोलला. तो म्हणाला, वाचताना मला कळलंच नाही कुठे बदललं, मी हसत होतो आणि मग मला निघायचं होतं आणि दार लागलेलं होतं.

साडेआठला सुरू केलं होतं, पावणेबाराला शेजारच्या आजोबांनी बेल वाजवली तेव्हा उठलो. जाता जाता आजोबांनी विचारलं की पुढच्या वेळी त्यांनी आलं तर चालेल का. म्हणजे आता नऊ.

पुढच्यासाठी मतं घेतली. ‘रणांगण’ला पाच, ‘बनगरवाडी’ला दोन, ‘रारंगढांग’ला एक. ‘जिणं आमुचं’ त्यानंतरच्या महिन्यात, हे एकमताने. @जांभूळवाट, कपाचा प्रश्न मी आताच सगळ्यांना पाठवून ठेवलाय. दोघांनी आईला फोन करून विचारलंय.

आता एकच अडचण. ‘रणांगण’च्या सहा प्रती जमल्या, तीन हव्या आहेत. पुण्यात कुणाकडे सहा आठवड्यांपुरती मिळेल का? कव्हर घालून परत करू.

तांबडफुटी

माझ्याकडे एक आहे, कर्वेनगरला. मागच्या पानांवर माझ्या वडिलांच्या पेन्सिलीतल्या नोंदी आहेत. त्या पुसू नका, बाकी खुशाल वापरा. निरोप पाठवते.

पिंपळपार

नाशिकच्या गोदाकाठ ह्यांनी परवानगी दिली तर त्यांची खुणा केलेली प्रत मागवा. ते तीन जणांनी तीन तऱ्हांनी वाचलेलं पान कुठलं, ते मलाही हवंय.

गोदाकाठ

पान सांगत नाही. तुमच्या नऊ जणांचं निघालं की मग सांगतो. प्रत उद्या टपालाने टाकतो.